मिठाईवाल्यापाशी तुटलेला आवाज

गुरुवार, दिवेलागण

बिनवायरचा माईक घेतलाच नाय. गुलमंडीतला दुकानदार म्हणाला, "काका, डोळे झाकून घ्या." डोळे झाकीन, कान कसे झाकू? माईकवर बोलत रस्त्यानं निघालो, तर मिठाईवाल्यापाशी पोचेस्तोवर दुकानातल्या स्पीकरवर आवाज तुटला. "इतक्या लांब कोण जातं?" म्हणे. हमीदचाचा जातात! कव्वाली रंगली की गात गात थेट लोकांत शिरतात. उद्याच्या कार्यक्रमात तिथं आवाज तुटला तर? कुणाकडं न शिकता साउंडवाला म्हणून कमावलेलं माझं नाव गेलंच.

जुना वायरचाच माईक लावणार. चाचा फोनवर हसले, "मियाँ, वायर पैरों में आयी तो?" येणार नाय. मी स्वतः वायर उचलून त्यांच्यामागं चालणार. लोक हसतील. हसू देत, चाचांचा शब्द मिठाईवाल्याच्याही पुढं पोचला पाहिजे.