दोन ठोक्यांचं उत्तर

हेल्मी मावशीचं घर, मार्केट गाव (मिशिगन), ६ जुलै

ती. बाबांस, आयलीचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं एकमेकांचा नुसता श्वास ऐकत बसतो, म्हणून लिहितेय. विद्यापीठाचं पत्र आलं. थेट तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी पंधरा तारखेच्या आत राहायची जागा निवडायची आहे. एक जागा नव्या इमारतीत, सहा जणी मिळून, दर शुक्रवारी पिझ्झा आणि ओळखीचे खेळ. दुसरी जुन्या इमारतीत 'शांत मजल्यावर'. तिथे एकटीची खोली आणि मोठ्यानं बोलायला दिवसरात्र बंदी.

हेल्मी मावशी म्हणते सहा जणींत राहा. दोन वर्षं घरून कॉलेज केलंस, आता तरी तोंड उघड, नाहीतर बापासारखी ओंडका होशील. पण ओळखीच्या खेळात घरी कोण कोण असतं ते विचारतात, आणि मला ते सांगायचं नाहीये. मजल्यांचे नकाशे सोबत आहेत.

मावशीचं बोलणं मुद्दाम कळवलं. तुमचा राग तिच्यावर आणि लोभ माझ्यावर असू द्या.

तुमची,
आयली


हॅनकॉक, १० जुलै

चि. आयलीस, अनेक आशीर्वाद.

नकाशे भिंग लावून पाहिले. शांत मजलाच घे. मात्र मजला शांत म्हणून खोली शांत असं नसतं. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मी तेवीस वर्षं वाफेचे पाइप दुरुस्त करत शिकलो. ३०४ नको, लिफ्ट भिंतीला लागून आहे. ३११च्या खाली कपडे धुण्याची यंत्रं आहेत. ३१९ माग. कोपऱ्यातली खोली, दोन भिंती बाहेरच्या, खाली वाचनालय, शेजार एकच.

इमारत १९२८ची, म्हणजे खोली गरम ठेवायला वाफेचे लोखंडी रेडिएटर असणार. झडप पूर्ण उघडी ठेवायची किंवा पूर्ण बंद. अर्धी कधीच नाही. अर्धीत पाणी अडकतं आणि पाइप ठोके देऊ लागतो.

तू नकाशावर उत्तर दिशा उलटी मांडली होतीस, ती सुधारली आहे. हेल्मीला सांग, ओंडका निदान ऊब देतो, तिच्या बडबडीनं नुसता धूर होतो.

घर ठीक आहे. लोभ आहेच, वेगळा काय लिहू.

तुझा बाबा,
रेनो लाह्ती


वसतिगृह, खोली ३१९, १९ सप्टेंबर

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमची निवड अचूक ठरली. गेल्या अकरा दिवसांत मी दोनच शब्द मोठ्यानं बोलले, जेवणघरात 'थँक्यू' आणि जिन्यात 'सॉरी'. वाईट वाटत नाही. तसं काहीच वाटत नाही. वर्गात जाते, टिपणं काढते, परत येते. आई गेल्यापासून घरीही असंच होतं, त्यामुळे सवय आहे.

पंधरा नोव्हेंबरपर्यंत खोली सोडायचा अर्ज दिला, तर नाताळनंतर घरी राहून जुन्याच कॉलेजात जाता येईल. अर्ज आणून ठेवलाय. नाव लिहिलंय, सही केलेली नाही. तुमचं मत कळवा. माया आहे तशीच राहू द्या.

आयली


हॅनकॉक, २६ सप्टेंबर

चि. आयलीस, आशीर्वाद.

मत विचारलंस. दोन दिवस शोधलं, सापडलं नाही.

रविवारी पॅन्नुकाक्कू, आपला ओव्हनमधला फिनिश पॅनकेक, भाजायला ठेवला. आईचा फुगायचा तसा फुगला नाही. ओव्हनचं तापमान तपासलं, ते बरोबर होतं. तुझ्या खोलीतली झडप अर्धी उघडी ठेवली आहे. अर्धी ठेवू नये हे मला ठाऊक आहे.

बाकी ठीक. लोभात बदल नाही.

बाबा


खोली ३१९, २१ ऑक्टोबर

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

शनिवारी इमारतीत वाफ सोडली आणि माझ्या रेडिएटरनं दोन ठोके दिले. मी उठून दारापर्यंत गेले. आई स्वयंपाकघरातल्या पाइपवर डावानं दोनदा वाजवायची, कॉफीला या म्हणून, आणि तुम्ही तळघरातून एकदा वाजवून उत्तर द्यायचात. दाराच्या कडीला हात लागल्यावर आठवलं, मी कुठे आहे ते.

तिसऱ्या दिवशी शेजारची मुलगी आली. नवाल नाव, डिअरबॉर्नची. मजल्याचा नियम म्हणून कुजबुजत विचारलं, तीन दिवस भिंत ठोकतेयस, आजारी आहेस की माझ्यावर चिडलीयस? मी म्हटलं पाइप आहे. त्यावर ती म्हणाली, मग तो पाइप तुझ्यापेक्षा माणसाळलेला आहे, निदान बोलायचा प्रयत्न तरी करतो. मी हसले का, नक्की सांगता येत नाही. पण तोंडातून काहीतरी आवाज निघाला.

समोरच्यांनी तक्रार केलीय. ठोके बंद कसे करायचे ते कळवा. लोभ असावा, ओरडा नसावा. झडप पूर्ण उघडीच आहे.

आयली


हॅनकॉक, २५ ऑक्टोबर

चि. आयलीस, आशीर्वाद.

झडप उघडी असूनही ठोके, म्हणजे जमीन खचून रेडिएटर उलट्या बाजूला कलला आहे. वर पेन्सिल आडवी ठेव. ती झडपेकडे घरंगळली पाहिजे. तुझी दुसरीकडे जाईल. सोबत मेपलच्या दोन पाचरी पाठवतो, पाव इंच जाड, मी हातानं तासल्या. झडपेपासून लांबच्या दोन पायांखाली सारायच्या. रेडिएटर गार असताना.

नवालचं पाइपबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे.

माया पाचरींइतकीच मोजून पाठवतोय असं समजू नकोस.

बाबा


खोली ३१९, ५ नोव्हेंबर

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पाचरी बसवल्या, पेन्सिल झडपेकडे गेली. ठोके थांबले. तीन दिवस खोली पूर्वीसारखी गप्प होती.

काल भिंतीवर दोन ठोके आले. पाइप नव्हता, नवाल होती. दोन ठोके म्हणजे आमच्या घरी कॉफीची हाक, म्हणून मी दचकून उठायचे, हे तिला आधी सांगितलं होतं. मी गेले. बाहुलीच्या कपाएवढ्या कपात तिनं वेलचीची काळी कॉफी दिली आणि घरी कोण असतं ते विचारलं. मी म्हटलं, बाबा. थोड्या वेळानं उरलेलंही सांगितलं. तिनं कप पुन्हा भरला.

अर्ज वहीत आहे. सही केलेली नाही, फाडलेलाही नाही. दहा दिवस उरलेत. या वेळी मत नीट शोधा, बाबा. लोभाची वाट पाहतेय आणि मताचीही.

आयली


हॅनकॉक, ९ नोव्हेंबर

चि. आयलीस, अनेक आशीर्वाद.

मत सापडलं. सही करू नकोस.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत त्या सकाळी आईनं दोनदा वाजवलं होतं. मी तळघरात, दोन्ही हातांत पाइप आवळायचे पाने होते. म्हटलं, वर जाऊनच उत्तर देऊ. नऊ मिनिटांनी वर गेलो, तेव्हा ती जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाले, नऊ मिनिटांनी काही फरक पडला नसता. त्यांचं म्हणणं मी पुस्तकांतून पडताळून पाहिलं, बरोबर आहे. पण उलट एक ठोका द्यायला एक सेकंद लागतो.

तुझ्या पत्रात नवालनं दोनदा वाजवलं आणि तू गेलीस, एवढंच आहे. मधे तू काय केलंस ते लिहिलेलं नाही. आधी भिंतीवर एकदा वाजवत जा, मग ऊठ. वाजवणाऱ्याला कळायला हवं की ऐकू आलं.

तुझ्या खोलीतली झडप आज पूर्ण बंद केली. नाताळात येशील त्याच्या आदल्या दिवशी पूर्ण उघडीन.

लोभ आहे. आवाज करत नाही, इतकंच.

तुझा बाबा,
रेनो लाह्ती