व्हॅन आणि तिच्याखालची जागा

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय शाळेच्या मुलांची ने-आण (आता बंद), राहणार याच घराच्या तळमजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. नाव, जन्मतारीख वगैरे तपशील सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे, आणि तो वाचूनही कुणाला शंका राहिली तर त्यानं माझ्याशी पाच मिनिटं बोलावं. ही सोय अर्थातच मी असेपर्यंत.

हे लिहावं म्हणून माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून आणला होता, तो मी मानला नाही.

वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता. दीड पानाचा, स्वच्छ. पण त्यात कोणती वस्तू कुणाला एवढंच होतं. का, ते नव्हतं. का ते लिहिलं नाही तर आमच्या घरात भांडणं होतील, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहा, पण थोडक्यात." प्रयत्न करते.

कलम १. तळमजला यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर झाला. तो मुलाला आणि सुनेला, निम्मा निम्मा. वरचा मजला धाकट्या दिरांचा आहे, त्यावर माझा हक्क नाही आणि मला तो नको आहे.

तळमजल्याची मागची छोटी खोली मात्र एकट्या सुनेची. तिथले जुने टायर मी काढून टाकले आहेत आणि दाराला आतून कडी बसवून घेतली आहे. मुलगा स्वभावानं सोन्यासारखा आहे, पण दुसऱ्याच्या खोलीत दार वाजवून जायचं असतं हे मी त्याला शिकवू शकले नाही. माझ्यानंतर हे काम कडी करेल.

कलम २. बँकेतली ठेव दोन्ही नातवंडांच्या शिक्षणासाठी. त्यातून कुणीही गाडी घेऊ नये.

कलम ३. बांगड्या आणि कानातले सुनेला. पान्यांचा डबा आणि जॅक मुलाला. त्याला अजून चाक बदलता येत नाही. डबा हातात आल्यावर शिकेल अशी आशा आहे.

कलम ४. व्हॅन.

हे कलम लांबेल. वकीलबाईंनी रागावू नये.

यजमानांची नोकरी गेली तेव्हा मी गाडी चालवायला शिकले आणि मुलांची ने-आण सुरू केली. तेव्हा वरचा आणि खालचा मजला मिळून एकच स्वयंपाकघर होतं. सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा, भाऊजी, माझी धाकटी जाऊ, त्यांच्या दोन मुली. डोळा उघडल्यापासून कुणाच्या ना कुणाच्या तोंडी माझी हाक असायची. घरातून सुटले की गाडीत मुलं. मुलं गोड असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी चौदा जणांना एकदम गाडीत बसवलेलं नसतं.

एका सकाळी मी पहिल्या मुलाच्या दारात गेले, तर त्याची आई म्हणाली, आज ताप आहे, येणार नाही. पुढच्या घरी जायला अवकाश होता. मी गाडी पाण्याच्या टाकीमागच्या आडरस्त्याला नेली आणि इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की मी दचकले. मग रडू आलं. कशाचं ते कळेना. हजेरीची वही हाताशी होती, तिच्या मागच्या पानावर लिहिलं, "रडू येतंय. कारण माहीत नाही." त्याखाली लिहिलं, "टाकीवर दोन कावळे. एक लंगडा." तेवढ्यात वेळ झाली. मी डोळे पुसले आणि पुढच्या मुलीला घ्यायला गेले. दिवसभर मी कुणावर ओरडले नाही, हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घरून लवकर निघाले.

सवय लगेच लागली नाही. घरात कुणी आजारी पडलं की मोडायची, थंडीत मोडायची, काहीच सुचत नाही म्हणून मोडायची. मग मी सुचायची वाट पाहणं सोडलं. काचेतून दिसेल ते लिहायचं. भिंत, कुत्रं, दूधवाला. दिसेल ते लिहिता लिहिता चौथ्या-पाचव्या ओळीला आपलं आपण काहीतरी बाहेर येतं.

माझं जे बाहेर आलं ते फार मोठं नव्हतं. एक वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं: "मला आठ जणांचा स्वयंपाक करायचा नाही." मी ते आधी कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. महिनाभर तेच लिहिल्यावर एक दिवस यजमानांना म्हटलं, "आपण चूल वेगळी करू." ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तू हे लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी म्हणशील."

चूल वेगळी झाली. सासूबाईंनी दोन्हीकडे जेवायचं ठरवलं आणि त्या खूश होत्या. भाऊजींना मात्र ते फार लागलं. "हे वहिनींचं डोकं नाही, कुणीतरी पढवतंय," असं ते म्हणू लागले. मी घरून लवकर निघते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी धाकट्या जावेला माझ्या मागावर धाडलं. ती काय सांगते याची वाटही न पाहता त्यांनी एका मुलाच्या वडिलांच्या कानावर घातलं की वहिनी रोज सकाळी टाकीमागे कुणाला तरी भेटतात. तिथून ते शाळेत गेलं, आणि मला ऑफिसात बोलावणं आलं.

बाईमाणसाच्या हाती मुलं सोपवलेली. शाळेनं विचारलं यात त्यांचं चुकलं नाही. पण काम गेलं असतं तर आमचं घर बसलं असतं. यजमानांना तोवर दुसरी नोकरी लागली नव्हती.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सकाळी तिथे काय करता?"

"बसते."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. म्हणून तर बसते."

त्यांना हे पटलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. भाऊजी शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी साक्षीला आपल्या बायकोला आणलं होतं. धाकटी तोपर्यंत मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. ती पदर आवळून उभी राहिली.

"तुम्ही काय पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"ताई एकट्या असतात. लिहितात. मधूनच बाहेर बघतात. एकदा आपल्याशीच हसल्या."

"आणखी कुणी असतं?"

"असतं. मी. झुडपामागे."

भाऊजी म्हणाले, "नीट आठवून सांग."

"नीट आठवूनच सांगतेय."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटतं त्या हसू दाबत होत्या. काम राहिलं.

भाऊजींनी धाकटीशी अबोला धरला. मी जिन्यात तिला म्हटलं, "माझ्यापायी तुला त्रास झाला." ती म्हणाली, "त्रास कसला, ताई? घरात पहिल्यांदा शांतता आहे." आणि मग हळूच विचारलं, "मला तिथे बसू द्याल का?"

मी नाही म्हटलं. दोघी बसलो की गप्पा होणार, आणि गप्पांना घर होतंच. ती म्हणाली, "तुमच्याबरोबर नाही हो. तुम्ही नसाल तेव्हा."

तेव्हापासून रविवारची सकाळ तिची. रविवारी गाडी अंगणात उभी असायची. मी किल्ली जिन्याच्या कठड्यावर ठेवायची, ती काचा वर करून आत बसायची. ती लिहीत नाही. एकदा मी विचारलं, "काय करतेस गं आत?" ती म्हणाली, "काही नाही. आणि काय करतेस असं तिथे कुणी विचारत नाही." मी पुन्हा विचारलं नाही.

गाडीचं वय झालं, परवाना संपला, माझेही गुडघे गेले. धंदा बंद केला. व्हॅन अंगणातल्या माझ्या हिश्शाच्या जागेत पत्र्याच्या शेडखाली उभी केली. रोज सकाळी मी, रविवारी धाकटी. घरचे हसायचे, मग सवय झाली.

गेल्या महिन्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात होते. तेवढ्यात भाऊजींनी भंगारवाला बोलावला. त्यांना शेड भाड्यानं द्यायची होती. पुढचं सुनेनं डोळ्यांनी पाहिलं, ते असं. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात शिरला तेव्हा धाकटी भाजी निवडत होती. ती उठली, व्हॅनमध्ये जाऊन बसली आणि आतून लॉक लावलं. भाऊजी काचेवर थापा मारत होते. "वेड लागलंय का तुला? काय बोलायचं ते घरात येऊन बोल!"

तिनं काच दोन बोटं खाली केली. "मला काही बोलायचंच नाहीये. म्हणून तर इथे आहे."

भंगारवाला अवघडला. "काकू, उतरा ना. मला पुढे दोन ठिकाणी जायचंय."

"मग जा की," ती म्हणाली आणि काच वर केली.

माझा मुलगा कामावरून धावत येईपर्यंत ती तशीच बसून होती. टेम्पो रिकामा गेला.

म्हणून हे मृत्युपत्र. व्हॅन, शेड आणि तिच्याखालची अंगणातली जागा मी धाकट्या जाऊबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत देत आहे, रविवारपुरती नव्हे, रोजची. त्यांच्यानंतर ती सुनेला. विकू नये, भाड्यानं देऊ नये, आत सामान भरू नये. धाकटी आत असताना काचेवर थाप मारण्याचा अधिकार कुणालाही नाही. घराला आग लागली तर हॉर्न वाजवावा. मुलानं विचारलं, "काकूला गाडी चालवता येत नाही, तिला गाडी कशाला?" मी ती चालवायला देत नाही.

कलम ५. वह्या. दर वर्षाअखेर वही फाडून मी रद्दीत घातली आहे. चालू असलेली वहीही न वाचता रद्दीत घालावी. आत काही दडलेलं नाही. दाढ दुखते, गॅरेजवाल्या मिस्त्रींचा फोन आला नाही, आज मन जड, आज हलकं, एवढंच सापडेल. जे कामाचं होतं ते लिहून झाल्यावर मी केलं किंवा सोडून दिलं.

सुनेला: तू म्हणतेस, "आई, मला वेळच नाही." नाहीच आहे. मलाही कुणी दिला नव्हता. जुळी उठायच्या आधी मागच्या खोलीत जा. फोन स्वयंपाकघरात ठेव. वही आणि पेन आदल्या दिवशीच तिथे ठेवून दे, नाहीतर शोधण्यात सकाळ जाते. अर्धं पान पुरे. सुंदर लिहू नकोस. मागचं वाचू नकोस. चार दिवस बुडाले तर पाचव्या दिवशी माफी वगैरे न मागता सुरू कर. आणि बाहेरून कुणी "आई" म्हणून हाक मारली तर आधी वाक्य पूर्ण कर, मग उठ. मुलांना त्यानं काही होत नाही. बाप घरात आहे.

कलम ६. भाऊजींना मी काही ठेवलेलं नाही. राग आहे का? शाळेच्या ऑफिसातला बरीच वर्षं होता. यजमान गेले त्या दिवसापासून भाऊजींना वर एकटं बसवत नाही. रेडिओ आणि टीव्ही दोन्ही लावून बसतात. ते पाहिल्यापासून राग धरून ठेवणं मला जमलेलं नाही. भंगारवाला बोलावल्याचा मात्र आहे.

त्यांनी वकीलबाईंना विचारलं म्हणे, की ही रोज व्हॅनमध्ये बसणार तर माझा सकाळचा चहा कोण करणार. त्याचं उत्तर इथे नोंदवते. पातेलं खालच्या फळीवर आहे. एक कप पाणी, अर्धा कप दूध. उतू जायच्या आधी गॅस बंद करावा. दोन कप करावा आणि एक झाकून ठेवावा. ती आत येईल तेव्हा तिला लागेल.

वरील सर्व मजकूर मी आज अंगणात शेडजवळ बसून साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, म्हणून धाकटी सही करणार नाही. पण ती जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "तुला काही म्हणायचंय का?"

ती म्हणाली, "ताई, एक आहे. सीट जरा मागे सरकवून घ्याल का? गुडघे स्टिअरिंगला लागतात."

ती माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. इतके रविवार ती पाय दुमडून बसत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. "आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुमची बैठक होती ती."

सीटचा खटका गंजून बसला होता. साक्षीला आलेल्या मिस्त्रींनी त्यावर तेल सोडलं, दोन-तीनदा ठोकलं, आणि सीट पार शेवटपर्यंत मागे गेली. धाकटीनं बसून पाय लांब केले. ती उतरल्यावर मी बसून पाहिलं. माझे पाय आता ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. मिस्त्री म्हणाले, "थोडं पुढे घेऊ का?" मी म्हटलं, नको, तसंच राहू दे.

हे समजून उमजून लिहिलं, वाचलं आणि कायम केलं.

ठिकाण: राहत्या घराचं अंगण
दिनांक: नऊ मार्च, रविवार, सकाळ

(सही) लिहून देणार, व्हॅनवाल्या ताई

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. (सही) डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना
२. (सही) मिस्त्री, गॅरेज. हाताला तेल असल्यामुळे कागदावर डाग पडला आहे, तो माझा.