माझ्या गळ्याची शपथ

शेणवा, ता. शहापूर
८ मेला लिहायला घेतलं, आज १५ मे २०२५ला संपवते आहे.

चि. सौ. शीतल हिला गिरजाचे पोटभर आशीर्वाद. भूमिकाला दोन्ही गालांवर पापी. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग, त्यांना तो घ्यावासा वाटला तर.

अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हाताचं आहे. सातवी पास बाईचं अक्षर या वयात परत पहिलीत जाऊन बसलंय. रोज चार-पाच ओळी होतात, मग मान भरून येते.

इकडे सगळं ठीक आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तू लावलेल्या अबोलीला मीच पाणी घालते, तांब्या डाव्या हातात धरून. निम्मं पाणी माझ्या पायावर पडतं, पण अबोली जगली आहे. स्वयंपाक आता माझा लेक करतो, हरेश. आमटी बरी जमते त्याला, पण भात असा गिच्च करतो की त्याने भिंतीला कागद चिकटवावा. मी काही बोलत नाही. हात मोडून बसलेल्या बाईने नावं कशाला ठेवायची?

फोनवर तू रोज विचारतेस, "आई, गोळी घेतली का?" मी "हो" म्हणते आणि फोन ठेवून देते. तुला वाटत असेल की म्हातारी तुटक बोलते. तसं नाही गं. जास्त बोलले तर जे बोलायचं आहे तेच बाहेर येईल, याची भीती वाटते. म्हणून हे पत्र.

आधी कुणालीचं सांगते. दर बुधवारी शहापूरला लकवा झालेल्या माणसांचा वर्ग असतो. हातापायाचे व्यायाम झाले की ही पोरगी आम्हाला गोल बसवते आणि डोळे मिटायला सांगते. तिचा शब्द 'सजगता'. म्हणजे काय, तर जे चाललंय तिकडे नुसतं लक्ष द्यायचं. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून हळूहळू डोक्यापर्यंत यायचं. जिथे दुखतं तिथेही थांबायचं, पळायचं नाही. भातसानगरचे एक हनुमानदादा येतात, ते गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागतात. मी पहिल्या दिवशी तिला म्हटलं, "बाय, नुसता बसून कुठं लकवा बरा होतो?" ती म्हणाली, "लकव्याचं औषध डॉक्टर देतात, आजी. हे त्याच्यासोबत जगायचं आहे म्हणून."

पोरगी खोटं बोलत नाही, म्हणून जात राहिले. पण लबाडी मी करत होते. छातीपर्यंत नीट यायचे आणि गळा टाळून थेट कपाळावर उडी मारायचे. डोळे मिटलेले, कोणाला कळतंय?

मागच्या आठवड्यात तिने प्रत्येकाच्या हातावर एकच करवंद ठेवलं. म्हणाली, हे पाच मिनिटं खायचं. मला हसू आलं. आमच्या डोंगरावर टोपलीभर करवंदं पाच मिनिटांत संपतात! पण खाल्लं तिने सांगितलं तसं. आधी बोटांनी बघितलं, मग वास, मग जिभेवर. डावीकडे गोड-आंबट लागलं. उजवीकडे काहीच नाही. आणि उजव्या कोपऱ्यातून रस हनुवटीवर ओघळला, तो मला कळलाच नाही. कुणालीने उठून रुमालाने पुसला.

शीतल, तिने पुसला आणि मला तुझा पदर आठवला.

हळदीच्या दिवशी सकाळी याच कोपऱ्यातून माझा चहा ओघळला होता. तू पदराने पुसलास आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. तू काय म्हणालीस ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. "आई, तुमचा तोंड वाकडा झालाय. हातातून पेला पण सटकला. चला, आताच शहापूरला जाऊ."

मी म्हटलं, "काय नाय गो. थंडीनं झालं असंल. धाकलूची काजल पाटावर बसलेय. धवलारीण गेली नाय तं पोरीला हळद कशी लागंल? संध्याकाळी जाऊ."

तू ऐकत नव्हतीस. हरेश ड्युटीवर होता, त्याला फोन करायला तू मोबाईल उचललास. तेव्हा मी तुझा हात धरला, "फोन केलास, कोनाला काय बोललीस, तं माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

आपल्याकडे धवलारणीने धवला गायल्याशिवाय हळद लागत नाही, हे खरं. पण पाड्यावर ताराबाई होती, तिला सगळे धवले येतात. तिला बोलावलं असतं तर हळद थांबली नसती. मला तिला बोलवायचं नव्हतं. तीस वर्षं या गावातली एकही हळद माझ्या गळ्याशिवाय लागली नाही, हा माझा तोरा. त्या तोऱ्यापायी बसले गायला, आणि तिसऱ्या कडव्याला शब्द तोंडात गोळा झाले. पुढचं तुला ठाऊक आहे.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला. मांडवातलं कोणीतरी म्हणालं, तोंड सकाळपासूनच वाकडं होतं. हरेश सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, "घरात असून तुला दिसलं नाय? मोबाईलमधून डोका वर काढ जरा!" तू माझ्याकडे बघितलंस. मला ऐकू येत होतं, समजत होतं, जीभ मात्र हलत नव्हती. शपथ घालणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. आणि मोडली तर माझ्या जिवावर बेतेल, म्हणून तू गप्प राहिलीस. तशीच गप्प राहून दीड महिना माझं हगणं-मुतणं काढलंस, मला घास भरवलेस, आणि नवऱ्याचे टोमणे गिळलेस. संक्रांतीनंतर भूमिकाला घेऊन मुरबाडला गेलीस, तेव्हाही उंबऱ्यावर थांबून माझ्याकडे बघितलंस. मी 'सु' म्हणायचा प्रयत्न केला होता. थुंकीच आली नुसती.

इथपर्यंत माझी बाजू लंगडी का होईना, आहे. यापुढे नाही.

होळीला माझी वाचा आली. पहिल्यांदा 'पाणी' म्हटलं, मग 'हरेश'. पंधरा दिवसांत वाक्यं यायला लागली. 'सुटली' हा काही फार अवघड शब्द नाही. दोन महिने झाले, मी तो म्हटला नाही. का? हरेश माझी उशी नीट करायचा, "बिचारी माझी आये" म्हणायचा, आणि दोष तुझ्याकडे होता. बिचारं होणं गोड लागतं, शीतल. करवंदापेक्षा गोड लागतं. मला माझी लाज वाटते.

त्या बुधवारी मी वर्गात रडले. हनुमानदादासुद्धा जागे झाले. कुणालीने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "येऊ दे आजी, ढकलू नका." घरी आले आणि पेन शोधलं.

काल संध्याकाळी हरेश तांदूळ धूत होता. म्हटलं, "हरेश, बस. शीतलनं सकाळीच सांगितलं होतं. मीच शपथ घातली." त्याला आधी कळलंच नाही. मला तीनदा सांगावं लागलं, आणि दरवेळी जीभ जड होत गेली. मग तो पातेलं खाली ठेवून म्हणाला, "आन् तू एवढे दिस गप ऱ्हायलीस?" मी म्हटलं, "ऱ्हायले." तो पाठीमागच्या पडवीत जाऊन बसला. रात्री दोघंही न जेवता निजलो.

आज सकाळी उठून म्हणाला, "मी मुरबाडला जातो, तिला घेऊन येतो." मी म्हटलं, "घेऊन यायला जाऊ नको. माफी मागायला जा. ती 'नाय' बोलली तं तसाच परत ये."

हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. त्याने वाचलेलं नाही. त्याच्याच काल दुपारच्या उरलेल्या भाताने पाकीट चिकटवते आहे, म्हणजे ते वाटेत उघडायचं नाही याची खात्री. आत भूमिकाचा शाळेचा दाखला आहे. तू मागितला होतास, हरेशने महिनाभर दाबून ठेवला होता, तो मी त्याच्याकडून काढून घेतला. जूनमध्ये पोरीला तिकडच्या शाळेत घालायची की इकडच्या, हे तू ठरव. तू यावंस असं मला रोज वाटतं, चहाच्या वेळी फार वाटतं. पण माझ्या वाटण्यापायी तू आधीच पुष्कळ सोसलं आहेस. माझं आंघोळ-पाणी आता माझं मी करते. माझ्या दुखण्यासाठी म्हणून येऊ नकोस.

आणि एक राहिलं. हा शब्द नुसता लिहून चालत नाही, तोंडाने म्हणावा लागतो. म्हणून आत्ता ओट्यावर उभी राहिले, मुरबाडच्या दिशेला तोंड केलं, गळ्यावर डावा हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं. शेजारची ठकी कुंपणापाशी आली. "काय गो गिरजा, कोनाला हाका मारतेस?" मी म्हटलं, "सुनेला."

तिलाही सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळेल.

शीतल, सुटली. माझ्या गळ्याची शपथ सुटली. आता हरेशला जे बोलायचं असेल ते बोल, आणि मलाही.

ऐकायला बसलेली,
तुझी सासू
गिरजा