तीनशे सत्तरचा उंचवटा

सर, आज एका मुलीनं मला तेच विचारलं जे मी तुम्हाला विचारलं होतं, आणि मी तिला तुमचंच उत्तर दिलं. म्हणून लिहायला बसलो.

ती शिरपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरालगतच्या गावातली. धुळ्यात आपल्याच प्रयोगशाळेत पीएचडी करते. तिचे मार्गदर्शक म्हणजे तुमचा पहिला विद्यार्थी, आता विभागप्रमुख. काम तेच, काचपट्टीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा आणि त्यातून प्रकाश सोडून कुठला किती गिळला जातो ते मोजायचं. त्या आलेखात तीनशे सत्तर नॅनोमीटरजवळ, रेघ चढत असतानाच, एक लहानसा उंचवटा येतो. विभागप्रमुखांसमोर ती छापील मराठी बोलते, माझ्याशी घरची अहिराणी. म्हणाली, "भाऊ, बठ्ठ्या काचस्वर हाऊ उंचवटा दिखस. मंग एकबी थिसीसमा कसा नही?"

सगळ्या काचांवर दिसतो, पण थिसीसमध्ये कसा असेल? प्रत्येक थिसीसमधून तो मीच काढलाय.

ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. मी दहावी नापास, धरणगावहून आलेला, काचपट्ट्या धुवायला ठेवलेला. पण तुमच्या कपाटातलं घनस्थिती भौतिकीचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन दोन वर्षांत संपवलं होतं, गणितं गाळून नव्हे, गणितांसकट. त्यात वाचलं होतं की प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडतो, मागे रिकामी जागा राहते, आणि काही वेळा तो पुरता सुटतच नाही. त्या रिकाम्या जागेच्या ओढीनं बांधलेला राहतो. दोघं मिळून स्फटिकात फिरतात, पण त्यांच्या फिरण्यानं वीज वाहत नाही. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात, आणि तिची खूण आलेखात अशाच उंचवट्यानं उमटते. हा उंचवटा तोच ना, मग तो प्रबंधात का नाही, असं मी सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं. तुम्ही चष्मा काढून पुसताय. पहिल्या विद्यार्थ्याचा प्रबंध बांधणीला जायचाय, तो शेजारीच उभा आहे, आणि त्या उंचवट्यामुळे बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरता सुटायला लागणारी ऊर्जा, काढायची सरळ रेषा काही केल्या बसत नाहीये. "यंत्र तिथं एक दिवा सोडून दुसरा घेतं," तुम्ही म्हणालात. "तुला दिसतो तो दिव्याचा धक्का आहे. तू काचा धू." तो विद्यार्थी हसला.

तुमची शंका रास्त होती, हे मी आजही म्हणेन. यंत्र दिवा बदलतं ते खरोखर तिथंच. पण ती तपासायला दिवा बदलायची जागा थोडी सरकवायची, एवढंच काम होतं. धक्का दिव्याचा असेल तर उंचवटा जागेबरोबर सरकेल, द्रव्याचा असेल तर हलणार नाही.

पुढच्या सोमवारी तुम्ही मला फ्रेंच कर्व्हची, वळणदार रेघा काढायच्या पट्ट्यांची, पेटी दिलीत, जळगावहून खास आणलेली. म्हणालात, "आजपासून आलेख तू काढायचे. तुझ्याइतका नेमका हात इथं कोणाचा नाही." नोकरी कायम झाल्याचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. पहिला आलेख मी ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवला आणि तीनशे सत्तरला कर्व्ह टेकवून रेघ पुढे नेली. जोड शोधूनही सापडणार नाही. मग तेच वळण पडलं. तुम्ही गेलात, नवं यंत्र आलं, शाई जाऊन माऊस आला. दिवा बदलायची जागा आम्ही सवयीनं जुनीच ठेवली आणि सफाई माझ्याकडेच राहिली. आभाराच्या पानावर माझं नाव असतं, सुबक आलेखांसाठी. ते सगळे प्रबंध तुमच्या खोलीतल्या कपाटात ओळीनं उभे आहेत. मी हल्ली कपाटाकडे पाठ करून बसतो.

मुलीला मी म्हणालो, दिव्याचा धक्का आहे. ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "जागा सरकाडीसन कधी देखं का तुम्ही?" मी नाही म्हणालो. तेव्हा तिनं उद्या दहाला यंत्र मागितलं. विभागप्रमुखांना विचारावं लागेल, असं मला म्हणता आलं असतं. तिचा सोमवारी सेमिनार आहे आणि आलेख माझ्याकडून साफ करून घे असं त्यांनी तिला बजावलंय. मी ये म्हणालो.

तर उद्या साडेनऊला यंत्र लावीन, दिवे तापायला अर्धा तास लागतो. उंचवटा हलणार नाही. हे मला माहीत आहे, सर, कारण तुम्ही बोललात त्याच्या तिसऱ्या दिवशी, पेटी मिळायच्या आधी, तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा मी जागा सरकवून पाहिली होती. तो कागद पेटीत, कर्व्हच्या खाली, घडी करून ठेवलेला आहे. तिला मी तो दाखवणार नाही. पहिल्यांदा तिलाच दिसू दे म्हणून, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालायची शिस्त तुम्हीच लावलीत, आणि त्या कागदावर ती आहे. ती वाचली की मला हे किती वर्षं माहीत होतं ते तिला कळेल.

हे पत्रही त्याच पेटीत जाईल. यावर तारीख घातलेली नाही.