करडीचं तेल

आळंद, मार्गशीर्ष

प्रिय सुगंधा,

सोलापूरच्या बाजाराला जाणारा लिंगाप्पा तुझ्या सासरी डोकावून आला. तू हिंडाय-फिराय लागलीस म्हणाला. बरं वाटलं. माझं अक्षर वाकडं, पण हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं न्हाई, म्हणून मीच बसले.

तुझ्या अप्पांनी मोटार परत खोललीय. अंगणात गोणपाटावर तिची सगळी आतडी मांडून बसलेत. घासलेटात फडकं बुडवायचं, पुसायचं, उन्हात धरून बघायचं, परत तेच पुसायचं. जेवाय हाक मारली की आलो म्हणतात आन् येत न्हाईत. निम्मे राहिलेत. मी भांडून बघितलं. भिंतीशी भांडावं तसं झालं.

तू ल्हान असताना ह्याच मोटारीतून गाणगापूरला जायचो. तू पुढं बसून हॉर्नचा फुगा दाबायचीस, बैलं बुजायची आन् गाडीवाले माझ्या माहेराचा उद्धार करायचे. अप्पा हसत तुला म्हणायचे, दाब अजून.

गेल्या आषाढात रस्ते बंद झाले, सोलापूरचं मोटारीचं तेल येईना. तुझं पहिलं बाळंतपण, वेळेला मोटार तयार पायजे, म्हणून अप्पांनी इंजिनातलं जुनं काळं तेल काढून घाण्यावरचं ताजं करडीचं ओतलं. कसली गुळगुळीत चालली! भज्यांचा वास येतोय म्हणून आपण दोघी हसलो. मग पेट्रोल जपायचं म्हणून झाकून ठेवली. कढईच्या काठाला करडीचं तेल वाळून लाखेसारखं घट्ट धरतं, हे आपण रोज घासतोच की. लोखंडाच्या पोटातबी ते तसंच धरंल, हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. त्यांच्या न्हाई, माझ्या न्हाई, तुझ्याबी न्हाई.

पुढचं तू भोगलंस. पोर आडवं आहे, गुलबर्ग्याला न्या, असं चंद्रम्मा सुईण म्हणाली तवा मोटार सुरू करायचं हँडल जागचं हाललं न्हाई. अप्पा लोंबकळले त्याला. तळहात सोलले. आत्ता सुटंल, आत्ता सुटंल म्हणत दुपार घालवली, मग बैलगाडी जुंपली. बाकी लिहीत न्हाई. परतताना तू एवढंच म्हणालीस, अप्पा, गाडी आधीच जुंपली असती तर? त्यानंतर त्यांच्याशी बोलली न्हाईस. सासरी निघालीस तवा माझ्या पाया पडलीस, त्यांच्या न्हाई. ते उंबऱ्याशी उभेच होते.

परवा मोटार सुरू झाली. गल्ली गोळा झाली, लेकरं नाचली. मला वाटलं, सुटलो. अप्पांनी घटकाभर कान देऊन ऐकलं, बंद केली आन् पाना घेऊन परत खोलाय बसले. कामून म्हणून वरडले, तर म्हणाले, आज चालली, वेळेला चालंल ह्याचा काय भरवसा?

म्हणून लिहायलेय. माफ कर म्हणत न्हाई, पोटातलं तुझं गेलंय, तुझं तू बघ. पण तुझी कार्डं येतात ती माझ्या नावानं. पोस्टमन दिसला की ते हात पुसून उभे राहतात. वरचं नाव वाचतात, कार्ड माझ्याकडं देतात आन् परत गोणपाटावर जाऊन बसतात. पुढचं कार्ड त्यांच्या नावानं टाक. आत काय लिहायचं ते लिही. शिव्या दे पायजे तर. मी वाचणार न्हाई.

तुझीच,
आई