दुसऱ्या मजल्यावरचा पिवळा दिवा

३ नोव्हेंबर

झाली एकदाची वीजबचत समिती! आमच्या इमारतीतले लोक आजवर फक्त अक्कल वाचवत होते, आता वीजही वाचवणार. अध्यक्ष अर्थातच पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य. एसी आणि पंखा, दोन्ही चालू ठेवून तासभर बचतीवर बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सचिव मी. दुसऱ्या कुणाला चार ओळी सरळ लिहिता येतात?

ठरलं ते असं — मुलांची चित्रं, एका रविवारी तासभर सगळ्यांचे दिवे बंद, आणि घरोघरी पाहणी. "प्रेमाने समजावू या," म्हणे. प्रेमाने! मी म्हटलं, फलकावर उधळ्यांची यादी लावा. नाव झळकलं की दिवे बरोबर बंद होतात. मंजूर.

५ नोव्हेंबर

पाहणी केली. एकेक नमुने! अध्यक्षांचा गीझर सकाळपासून चालू — "विसरलो हो." आमच्या समोरच्या घरात टीव्ही एकटाच बडबडतोय आणि नवरा-बायको स्वयंपाकघरात भांडतायत.

पण कहर केला तो शिवणवाल्या बाईंनी. राहतात दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली. जिन्यात आपोआप लागणारे पांढरे दिवे बसवलेत, तरी यांच्या दाराबाहेर पिवळा बल्ब. रोज पाच ते आठ. कशाला, विचारलं. "असू दे हो, लागतो." लागतो! कुणाला, ते सांगायला तोंड नाही.

८ नोव्हेंबर

यादी लावली. शिवणवाल्या बाई पहिल्या. अध्यक्षांचं नाव गाळावं लागलं. चालायचंच.

ही म्हणते, "एका बल्बानं असं काय होणारे? एकटी बाई राहते बिचारी." हिला सगळ्या जगाची दया!

परवा अध्यक्षांची आई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि हरवली. तीन माणसं शोधत फिरली. आणि आमचे बाबा? एक्याऐंशी वर्षांचे. पाचला फिरायला जातात, सातच्या ठोक्याला दारात हजर. काठी नाही, फोन नाही. शिस्त लागते त्याला. ती काय बाजारात मिळते?

१० नोव्हेंबर

पाच वाजून पाच मिनिटं. खालचा बल्ब लागलेला नाही! शहाण्याला शब्दाचा मार. बाबा आत्ताच बाहेर पडले.

११ नोव्हेंबर

काल बाबा सातला आले नाहीत. साडेसातलाही नाही. बाग पाहिली, दुकानं पाहिली, बसथांबा पाहिला. हिचं रडणं सुरू. मी अनवाणीच धावत सुटलो होतो. खोटं कशाला लिहू?

शेवटी गच्चीवर सापडले. पाण्याच्या टाकीला टेकून बसलेले, हात गारठलेले. आमचं दार ओलांडून वर गेले होते. मला बघून म्हणाले, "काका, पिवळा दिवा अजून आला नाही हो."

मला. काका.

१२ नोव्हेंबर

शिवणवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी आत बोलावलं नाही. दारातच बोलल्या, "दोन वर्षं झाली. रोज संध्याकाळी माझंच दार वाजवायचे, आपलं समजून. मग मीच त्यांना सांगितलं, पिवळा दिवा दिसला की अजून एक जिना चढायचा."

"मला का नाही सांगितलंत?"

"हात जोडले होते त्यांनी. म्हणाले, मुलाला कळलं तर कोंडून ठेवील."

खाली गेलो आणि यादी काढली. फाडताना अध्यक्ष बघत होते. बघू देत.

१३ नोव्हेंबर

पाच वाजले. खाली दिवा लागलाय. बाबा चपला घालतायत, माझ्याकडे चोरून बघतायत. मला काही ठाऊक नाही. मीही निघतो. वीस पावलं मागून.