तानियेलाने रोवलेली काठी

१४ ऑगस्ट

प्रिय तानियेला,

तू आणि मुलं बरी असाल. मी ठीक आहे. आज सकाळी कपडे धुतले, बाबांच्या कबरीवरचं गवत काढलं आणि दुपारी सभेला गेले.

राजधानीहून, सुव्याहून आलेल्या दोघा अधिकाऱ्यांनी बेटाभोवतीच्या प्रवाळाचा नकाशा भिंतीवर लावला होता. बाबा गेल्यावर त्यांच्या नावाने आपण जो पट्टा मासेमारीला बंद केला, तू खुणेची काठी रोवलीस तो, तिथे नांगरांनी मोडलेल्या प्रवाळावर नवे कोंब आलेत म्हणाले. पट्टा कायमचा बंद ठेवायचा आराखडा आहे, पण मंजुरीला वर्ष तरी लागेल. दुखवट्याच्या शंभर रात्री तर पुढच्या महिन्यातच संपतात. मग तू काठी काढणार, गाव मासे धरणार आणि हॉटेलच्या बोटी पाहुण्यांना घेऊन पुन्हा तिथेच नांगर टाकणार.

"मंजुरीपर्यंत बंदच ठेवा ना," मी म्हटलं.

"आणि खायचं काय, नकाशा?" वाईसाके काका म्हणाले. सगळे हसले. "पोरी, दुखवटा संपला की संपला. तुझ्या बापालाही दुकानातल्या डब्यातला मासा घशाखाली उतरत नसे."

"आणि तानियेला आलाच नाही तर?"

काका म्हणाले, "ज्याने रोवली त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे तुला मी सांगू? पण येईल तो. बापाच्या शंभराव्या रात्रीच्या जेवणाला कोण येत नाही?"

शेवटी शेवटी बाबा पाण्यात उतरत नसत. खाली मोडलेलं प्रवाळ बघवत नाही म्हणायचे. तुला हे माहीत नसेल.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. तू येऊ नकोस. आराखडा मंजूर होईपर्यंत येऊ नकोस. ऑकलंडला जाऊन बाप विसरला, असं लोक म्हणतील. मीच तुला थांबवलं हे काकांना उद्या सांगणार आहे. ते माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत.

तुझ्यासाठी नवी चटई विणली होती, ती गुंडाळून वर ठेवली. घरात बोलायला कोणी नाही, पण त्याची सवय होईल.

आता दिवा लावते, डब्यातला मासा काढते आणि जेवून घेते.

तू यावंस असं रोज वाटणारी, तुझी बहीण
माकेरेता